लिबरेटरची भारतीय आवृत्ती : कानपूर, पुणे आणि कुलाब्याचा समुद्र

युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याला लष्करी तुकडी हे मोठे सोयीचे एकक वाटते. तिला क्रमांक असतो, जन्मतारीख असते, बोधचिन्ह आणि बोधवाक्य असते, तिच्या नायकांची यादी असते आणि बहुधा विसर्जनाची तारीखही असते. चरित्रकाराला जे जे लागते ते सारे आयते हाती येते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांच्या तुकड्यांविषयी इंग्रजीत इतके लिहिले गेले आहे, की त्याला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावे लागते. त्याचे संकेतही ठरून गेले आहेत : विमानाचे टोपणनाव, चालकदलाचा गट-फोटो, अमुक रात्रीची मोहीम, परत न आलेल्यांची नावे आणि शेवटी संग्रहालयात उभे असलेले एखादे चकचकीत विमान.

मराठीत हा प्रकार रुजला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. महायुद्ध आपल्याकडे आले ते महागाई, रेशन, काळाबाजार आणि सैन्यभरतीच्या रूपाने. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ मध्ये आली, आणि तिच्यातही युद्धाची चाहूल लागते ती युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर. विमानतळ, धावपट्ट्या, बॉम्बफेकी तुकड्या हा आपल्या अनुभवाचा भागच नव्हता, असे आपण गृहीत धरले. प्रस्तुत लेखात या गृहीताला थोडा धक्का देण्याचा विचार आहे. महायुद्धातील एक अवजड बॉम्बफेकी विमान युद्ध संपल्यावर तब्बल वीस वर्षे भारतात उडत राहिले, त्यातला मोठा काळ पुण्याजवळच्या लोहगावहून. आणि त्याच्या उत्तरायुष्यातले महत्त्वाचे काम होते कोकणच्या समुद्रावर गस्त घालण्याचे. ही कथा विमानाची आहे, तुकडीची आहे, आणि तितकीच ती 'मूळ' कशाला म्हणायचे या प्रश्नाची आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात रस वाटावा तो या शेवटच्या कारणासाठी.

विमानाचे नाव बी-२४ लिबरेटर. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या कन्सॉलिडेटेड कंपनीने ते तयार केले आणि २९ डिसेंबर १९३९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. चार इंजिने, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फुटांचे लांबट, अरुंद पंख. मागे दोन उभी शेपटे. आणि आत आठ ते दहा माणसे. दिसायला ते काही देखणे नव्हते. त्याचे पोट इतके खोल आणि चौकोनी होते की ते मालडब्यासारखे दिसे. पण त्या अरुंद पंखांमुळे ते इंधन बेताने पीत आणि फार लांब जाई. युद्धकाळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. मिशिगनमधील विलो रन येथे फोर्ड कंपनीने तर मोटारींसारखी साखळीपद्धत लावून दर तासाला एक विमान बाहेर काढण्यापर्यंत मजल मारली. 'लिबरेटर' म्हणजे मुक्तिदाता हे नाव ब्रिटिशांनी दिले, अमेरिकनांनी ते उचलले. हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपरोध आपोआप उघड होतो.

१९४२च्या अखेरीपासून ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या लिबरेटर तुकड्या भारतातून लढू लागल्या. क्रमांक १५९ ही त्यांतली आघाडीची. मागोमाग ३५५, ३५६, ९९ अशा तुकड्या आल्या. त्यांचे तळ प्रामुख्याने बंगालमध्ये होते : दिगरी, सालबनी, धुबुलिया. तिथून ही विमाने ब्रह्मदेशातील रेल्वेमार्ग, सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गावरचे पूल, रंगून आणि बँकॉकमधील गोद्या व कारखाने यांवर जात. १९४४च्या ऑक्टोबरअखेरीस १५९ क्रमांकाच्या पंधरा विमानांनी मलायातील पेनांग बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले. जाऊन-येऊन हे अंतर तीन हजार मैलांहून अधिक होते. त्यासाठी विमानातले अनावश्यक वजन उतरवले गेले आणि इंजिने कोणत्या वेगाला किती इंधन खातात याची बारकाईने आकडेमोड झाली. तुकडीच्या इतिहासग्रंथांत हा प्रसंग हमखास येतो, आणि यावाच. ते विलक्षण कौशल्याचे काम होते.

मात्र त्याच ग्रंथांत तळाभोवतीचा मुलूख सहसा येत नाही. दिगरी आणि सालबनी हे दोन्ही तळ मेदिनीपूर जिल्ह्यातले. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी या जिल्ह्याला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्याच वर्षी डिसेंबरात तामलुक भागात भूमिगतांनी 'ताम्रलिप्त जातीय सरकार' स्थापन केले. आणि १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने या जिल्ह्याची अक्षरशः लाही केली. सरकारी चौकशी आयोगाने बंगालमधील बळींचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाच सुमारास एकीकडे 'मुक्तिदाता' नावाची विमाने टनावारी पेट्रोल आणि बॉम्ब घेऊन उडत होती, आणि दुसरीकडे माणसे पेजेच्या पाण्यासाठी दारोदार फिरत होती. यात वैमानिकांचा दोष शोधण्याचे कारण नाही. त्यांना नेमून दिलेले काम ते करीत होते आणि त्यातले अनेक परतलेही नाहीत. प्रश्न लेखनप्रकाराचा आहे. तुकडी हे एकक एकदा स्वीकारले की धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचे जग आपोआप संहितेबाहेर पडते.

हे युद्ध पश्चिम किनाऱ्यापासून दूर होते, असे मात्र नव्हे. त्याचा पुष्कळसा दारूगोळा मुंबई बंदरातून येत होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' हे जहाज स्फोटाने फुटले, तेव्हा त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि जोडीला कापसाच्या गासड्या आणि सोनेही. ते स्फोट ज्या बंदरात झाले त्याच्या पलीकडच्या तीरावर उरण, रेवस, मांडवा ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची गावे आहेत. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड. जिल्ह्याचे नाव बदलले ते १९८१ मध्ये. पुण्याचा लोहगाव तळही मूळ मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीच १९३९च्या सुमारास उभारला गेला होता आणि युद्धकाळात तिथे वेलिंग्टन जातीची बॉम्बफेकी विमानेही होती. सह्याद्री, त्याच्या पायथ्याची चिंचोळी किनारपट्टी, मुंबईचे बंदर आणि वरच्या पठारावरचा विमानतळ ही रचना युद्धानेच घडवली. लिबरेटर तिच्यात आले ते मात्र युद्ध संपल्यावर, आणि तेही मेल्यावर.

'मेल्यावर' हा शब्द अलंकारिक नाही. ब्रिटिशांकडची लिबरेटर विमाने अमेरिकेच्या लेंड-लीज कायद्याखाली आलेली होती. म्हणजे ती विकत घेतलेली नव्हती, उसनी घेतलेली होती. १९४५ मध्ये हा करार संपला. अटीनुसार विमाने एक तर अमेरिकेला परत द्यायची, नाही तर नष्ट करायची. अमेरिकेला ती नको होती. तिच्या स्वतःच्याच माळरानांवर हजारो विमाने भंगाराची वाट पाहत उभी होती. तेव्हा भारतातील लिबरेटर विमाने कानपूरजवळच्या चकेरी येथील दुरुस्तीतळावर आणली गेली आणि तिथे ती जाणूनबुजून निकामी करण्यात आली. उपकरणे फोडली, सांगाड्यांना यंत्रांनी धडका देऊन भोके पाडली, इंजिनांत वाळू ओतली, असे या प्रकाराचे वर्णन केले जाते. दुसऱ्या कुणाच्या हाती ती उडण्याजोगी पडू नयेत, हा हेतू. मग ब्रिटिश गेले आणि ती विमाने चकेरीच्या माळावर उन्हापावसात पडून राहिली.

१९४७च्या ऑक्टोबरात काश्मीरचे युद्ध सुरू झाले. नव्या भारतीय हवाई दलाकडे एकही अवजड बॉम्बफेकी विमान नव्हते. ती उणीव कशी भरून काढली गेली हे वाचण्यासारखे आहे : डकोटा ही मुळात मालवाहू विमाने, त्यांच्या उघड्या दारातून माणसांनी हाताने बॉम्ब लोटायचे. या पार्श्वभूमीवर १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे विचारणा झाली, की कानपूरच्या त्या सांगाड्यांतून काही निघते का पाहा. परदेशी जाणकारांचे मत हा उद्योग अशक्य आहे असे पडले होते.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने काढला. ज्या माणसाने १९१९ मध्ये सिंधिया कंपनीच्या बोटी समुद्रात घालून ब्रिटिश जहाज-कंपन्यांशी झुंज घेतली, त्याचाच हा पुढचा डाव होता. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ पासून तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला जुंपला गेला. विमान बनवण्याचे स्वप्न मागे पडले. पण त्या दोन-तीन वर्षांत बंगलोरच्या फिटर-मिस्त्रींच्या हाताखालून मोठमोठी अमेरिकी विमाने आणि त्यांची हजारो इंजिने गेली. परदेशी तज्ज्ञांनी कानपूरच्या माळावर फक्त भंगार पाहिले. बंगलोरच्या माणसांनी पाहिले ते ओळखीचे यंत्र. हा फरक देशभक्तीचा नव्हता, हाताच्या सवयीचा होता. आणि इतिहासात पुष्कळदा सवयच निर्णायक ठरते.

कामाची पद्धत साधी आणि धाडसी होती. कमी जखमी विमान निवडायचे. शेजारच्या चार विमानांतून चाके, इंजिने, पत्रे, नळ्या काढून त्याला बसवायच्या. ते कसेबसे एका उड्डाणापुरते उभे करायचे. आणि हवेतून थेट बंगलोरला न्यायचे. कानपूर ते बंगलोर हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. ही उड्डाणे कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केली. ज्या विमानाच्या कोणत्या भागावर कितपत भरवसा ठेवावा हे कुणालाच सांगता येत नव्हते, त्यात बसून ते वारंवार तो प्रवास करीत राहिले. बंगलोरला पोचल्यावर विमान पुरते उकलायचे आणि नव्याने जोडायचे. अशा रीतीने सुमारे चाळीस लिबरेटर विमाने पुन्हा उडती झाली. 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपण फार स्वस्तात वापरतो; त्याचे इतके मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

आता यातून तयार झालेल्या विमानाला काय म्हणावे? त्याच्या सांगाड्यावर एक अनुक्रमांक आहे. पण त्याचे इंजिन दुसऱ्याचे, चाके तिसऱ्याची, काचा चौथ्याच्या. युद्धात वेगवेगळ्या मोहिमांवर गेलेल्या विमानांचे अवयव एका देहात एकत्र आलेले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही अवस्था अनोळखी वाटू नये. लिबरेटर पुण्यात आले त्या काळात, त्याच शहरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने जी संहिता सिद्ध झाली, ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही. ती अनेक पोथ्यांतून निवडून, पारखून उभी केलेली आहे. कानपूरचे लिबरेटरही असेच अनेकांतून सिद्ध झालेले.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते, हेही नोंदवले पाहिजे. संपादकाची दृष्टी मागे वळलेली असते. उपलब्ध पुराव्यावरून जितके जुने रूप गाठता येईल तितके त्याला हवे असते. मिस्त्रीची दृष्टी पुढे असते. विमान उडाले पाहिजे, उतरले पाहिजे, पुन्हा उडाले पाहिजे. एखादा भाग मूळचा आहे की नाही याची त्याला पर्वा नसते, तो चालतो की नाही याची असते. पण संपादक एक गोष्ट करतो जी मिस्त्री करीत नाही : तो नाकारलेले पाठ फेकून देत नाही, ते तळटीपांत जपून ठेवतो. संहिता वर आणि पाठभेद खाली, या मांडणीतच त्याचा प्रामाणिकपणा असतो. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे भारतीय हवाई दलाची क्रमांक ५ ही तुकडी लिबरेटर विमानांनिशी उभी राहिली. स्वतंत्र भारताची ही पहिली अवजड बॉम्बफेकी तुकडी. काश्मीरचे युद्ध दोनच महिन्यांत, १ जानेवारी १९४९ला, थांबले. म्हणजे ज्या गरजेपोटी हा सारा खटाटोप झाला ती गरज तोवर सरत आली होती. तुकडी पुढे पुण्याला आली आणि १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट विमाने मिळेपर्यंत लिबरेटर उडवीत राहिली. तिच्या लिबरेटर-पर्वात युद्ध नाही. इंग्रजी लेखनप्रकाराच्या मापाने पाहिले तर सांगण्यासारखे काहीच नाही.

क्रमांक ६ची गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. ही तुकडी मुळात १ डिसेंबर १९४२ रोजी तिरुचिरापल्लीला हरिकेन विमानांवर उभी राहिली. तिचे पहिले नायक मेहरसिंग, पुढे काश्मीरमध्ये पूंछ आणि लेहला डकोटा उतरवणारे. आराकानच्या आघाडीवर या तुकडीने शत्रूच्या प्रदेशाची इतकी नेमकी टेहळणी केली, की तिला चौदाव्या सैन्याचे डोळे म्हटले जाई. फाळणीच्या धामधुमीत भारताच्या यादीतून हा क्रमांक गेला. १९५१ मध्ये तो पुण्यात पुन्हा अवतरला, आणि या वेळी विमान होते लिबरेटर, काम होते समुद्रावरील टेहळणी. जंगलावर ठेवलेले डोळे आता अरबी समुद्राकडे वळले.

बॉम्बफेकी विमान समुद्राच्या पहाऱ्यावर कसे, असा प्रश्न पडेल. पण लिबरेटरचा तो दुसरा स्वभावच होता. १९४३ मध्ये अटलांटिकच्या मध्यभागी, जिथे कोणत्याही किनाऱ्यावरून निघालेले विमान पोचत नव्हते आणि जर्मन पाणबुड्या निर्धास्त फिरत होत्या, ती पोकळी लांब पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनीच भरून काढली. भारतापाशी तेव्हा समुद्रात दूरवर जाऊन तासन् तास रेंगाळू शकेल असे दुसरे विमान नव्हते, आणि नौदलाकडे लांब पल्ल्याचे असे काहीच नव्हते. म्हणून हवाई दलाच्या या तुकडीने ते काम उचलले.

लोहगावहून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. लिबरेटरला हे अंतर म्हणजे वीस-एक मिनिटांचे. पश्चिमेकडे निघालेले विमान सह्याद्रीची धार ओलांडते आणि खाली एकदम कोकण उघडते : अंबा आणि कुंडलिकेची पात्रे, मिठागरे, खाजणे, नारळी-पोफळीची हिरवी किनार, मग किनाऱ्यालगतचा कुलाबा किल्ला, रेवदंडा-कोर्लईची पोर्तुगीज तटबंदी, दक्षिणेला जंजिरा आणि उत्तरेला खांदेरी-उंदेरी. हा किनारा पहाऱ्याच्या कामाला नवखा नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घालायला घेतली ती मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर नजर ठेवण्यासाठीच, आणि म्हणूनच ती मोडून काढायला दोघेही धावले. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तोवर या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला त्यांचे दस्तक घ्यावे लागे. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह लागले. गलबत, दस्तक, दिवा, आणि मग विमान : साधने बदलत गेली, समुद्राकडे पाहत राहण्याचे काम तेच राहिले.

या कामाचा एक अवघड गुण असा, की ते उत्तम झाले तर काहीच घडत नाही. आठ-दहा तास पाण्यावर उडायचे, दिसलेल्या जहाजांची जागा, दिशा, वेग टिपून घ्यायचे आणि परत यायचे. बॉम्बहल्ल्याच्या मोहिमेला आरंभ, उत्कर्षबिंदू आणि शेवट असतो. गस्तीला यातले काहीच नसते. ती कथनाला दाद देत नाही. तिचे मोल कळते ते ती नसते तेव्हा. १९९३च्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत त्यांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' ही संयुक्त गस्त सुरू करावी लागली. पाहणारे डोळे हटले की किनारा किती उघडा असतो, याचा तो धडा होता. साहित्यशास्त्राने घटनाहीनतेच्या कथनाचा पुष्कळ विचार केला आहे. इतिहासलेखनाने तो अजून पुरेसा केलेला नाही. क्रमांक ६च्या लिबरेटर-पर्वाचा इतिहास लिहायचा तर 'काहीही दिसले नाही' या नोंदीलाच वाक्याचा मान द्यावा लागेल.

१९६०च्या दशकात एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने या तुकडीत दाखल झाली. लिबरेटर थकली होती. सुटे भाग जगात कुठेच बनत नव्हते, कानपूरच्या उरल्यासुरल्या सांगाड्यांवर आणि कारागिरांच्या हिकमतीवर ती तगून होती. १९६५च्या युद्धकाळातही ती सेवेत होती. अखेर ३१ डिसेंबर १९६८ रोजी भारतीय हवाई दलाने त्यांना निरोप दिला. लष्करी सेवेत लिबरेटर सर्वांत शेवटपर्यंत चालवणाऱ्यांत भारताची गणना होते ती यामुळे. समुद्रावरील टेहळणीचे काम १९७६ मध्ये कॉन्स्टेलेशन विमानांसह नौदलाकडे गेले.

आणि इथून या विमानांचे तिसरे आयुष्य सुरू झाले. बाकीच्या जगाने आपली लिबरेटर युद्धानंतर वितळवून टाकली होती. अठरा हजारांपैकी आज पूर्ण रूपात उरलेल्यांची संख्या वीसच्याही आत आहे, आणि त्यांतली कितीतरी चकेरीच्या माळावरून उठलेली आहेत. मग संग्रहालये भारताच्या दाराशी आली. कॅनडाने जुने लायसँडर विमान देऊन बदल्यात एक लिबरेटर नेले. १९६९ मध्ये एक अमेरिकेत ॲरिझोनातील ट्यूसॉनला गेले. १९७४ मध्ये भारतीय हवाई दलाने एक विमान ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट दिले. १९६८ नंतर बंगलोरला पडून असलेले आणखी एक १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने घेतले. ते पुढे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले आणि १९८९ मध्ये पुन्हा हवेत उडाले.

या विमानांवर आज जे रंग आहेत ते पाहण्यासारखे आहेत. ब्रिटनला गेलेले विमान युद्धाच्या शेवटी कोकोस बेटांवर ९९ क्रमांकाच्या तुकडीत होते, आणि त्याला तोच वेश परत दिला गेला. निदान तो त्याचा स्वतःचा भूतकाळ आहे. ट्यूसॉनचे विमान इंग्लंडमधून जर्मनीवर गेलेल्या अमेरिकी तुकडीच्या वेशात उभे राहिले. कॅनडातले कॅनडाच्या हवाई दलाच्या रंगात. कॉलिंग्जचे विमान 'ऑल अमेरिकन' या नावाने उडाले, पुढे त्याने आणखी दोन अमेरिकी विमानांची नावे धारण केली. ही सारी विमाने ब्रिटिशांसाठी लढली होती आणि भारतासाठी वीस वर्षे उडली होती. पण पाहणाऱ्याच्या नजरेस पडतो तो तिसऱ्याच कुणाचा भूतकाळ.

संग्रहालयांची बाजू ऐकून घ्यायला हवी. त्या वेशातल्या विमानांत बसून मेलेली हजारो तरुण मुले खरी होती, आणि त्यांच्या सोबत्यांना, मुलाबाळांना हात लावायला एक तरी विमान हवे होते. ज्या विमानात ती मुले होती ते उरले नाही. जे उरले त्याने त्यांचे प्रतिनिधित्व करावे, ही अपेक्षा माणुसकीला धरून आहे. अमेरिकेतील विमानतळांवर हे विमान जाई तेव्हा वृद्ध सैनिक त्याच्या पोटाखाली उभे राहून रडत, याची थट्टा कुणी करू नये.

तरीही पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्या वाचकाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. भारतीय वीस वर्षांचे इथे नेमके काय झाले? ती प्रक्षिप्त ठरवून गाळली गेली. 'मूळ' रूप परत मिळवण्याच्या नावाखाली कारागिरांनी बसवलेले पत्रे उचकटले, भारतीय चक्र खरवडले, आणि वर एक असे रूप चढवले की जे त्या विमानाला कधीच नव्हते. याला मूळ संहिता म्हणता येत नाही. संपादकाने एका पोथीतले उत्तरकालीन श्लोक काढून टाकावेत आणि त्या जागी दुसऱ्याच ग्रंथातले श्लोक घालावेत, तसे हे झाले. यातली विसंगती अशी, की त्या तथाकथित प्रक्षेपामुळेच संहिता वाचली. वीस वर्षांची भारतीय सेवा झाली नसती तर १९४६च्या सुमारास चकेरीलाच या विमानांचा पत्रा झाला असता. सुकथनकरांच्या परंपरेने शिकवलेला नियम इथे लावायचा तर वर कोणतीही संहिता छापा, पण तळटीप गाळू नका. विमानाशेजारच्या पाटीवर कानपूर, बंगलोर, पुणे ही नावे असतातही. रंग मात्र फुटभर पाटीपेक्षा मोठ्याने बोलतो.

दोष केवळ परक्यांना देऊन भागत नाही. आपणही ही तळटीप लिहिलेली नाही. वालचंदांच्या चरित्रांतून कारखान्याची स्थापना येते, कारखान्यातला फिटर येत नाही. कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात आंग्र्यांचे आरमार येते, १९५१ ते १९६८ या काळात त्याच पाण्यावर चाललेला पहारा येत नाही. रेवस आणि मुरुडच्या ज्या नाखवांनी डोक्यावरून जाणारा चार इंजिनांचा तो जड घरघराट ऐकला असेल, त्यांची पिढी सरत आली आहे. लोहगावात त्या विमानांवर काम केलेले जे हवाईसैनिक पुणे-सातारा परिसरात निवृत्त होऊन राहिले, त्यांच्या आठवणी मराठीत उतरवून घेणे हे साहित्याच्या विभागांनाही न शोभणारे काम नाही. लोककथा आणि ओव्या गोळा करणाऱ्या विभागांकडे त्याची पद्धत तयार आहे. त्यातून वीरकथा निघणार नाहीत. निघेल तो वंगण, रिव्हेट, इंधनाचा हिशेब आणि रिकाम्या समुद्राचा तपशील. कानपूरच्या माळावर पडलेल्या वस्तूंचे मोल ज्यांना कळले त्यांची भाषा याच तपशिलाची होती.

दिल्लीला पालम येथे भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात एक लिबरेटर उभे आहे, आणि त्याच्या अंगावर भारतीय रंग आहेत. त्याला कुणाचे सोंग घ्यावे लागलेले नाही. या विमानाची वाचनीय आवृत्ती पाहायची असेल तर ती तिथे आहे. तिच्यावरचे भाष्य मात्र अजून लिहायचे आहे.